पापणी खाली येतेय? नागपुरात कोणाला दाखवायचं, काय विचारायचं आणि ऑपरेशनची पाळी आली तर

माझ्या आईची डावी पापणी खाली येऊन राहिली होती हे आमच्या घरात सगळ्यात आधी मावशीच्या लक्षात आलं, ती वर्ध्याहून आली होती आणि दारातच म्हणाली, अवं बाई, डोळा त उघड पुरा, झोपून राहिली का? आम्ही रोज बघत होतो त्यामुळे आम्हाला दिसलंच नव्हतं. मग नीट बघितलं तर आई पेपर वाचताना एका बोटानं पापणी वर धरायची, टीव्ही बघताना हनुवटी वर करून बसायची आणि कपाळावर कायम आठ्या, म्हणजे आम्हाला वाटायचं चिडलीय, ती बिचारी भुवया उचलून डोळा उघडा ठेवायची धडपड करत होती. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणायची त्याचं कारणही तेच निघालं.

मग जे सगळेच करतात ते आम्ही केलं. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलला, सहा महिन्यांनी परत बदलला. मोतीबिंदू जिथे केला होता तिथे दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून वयामुळे होतं असं सांगून ड्रॉप लिहून दिले. एका ओळखीच्या बाईनं ब्यूटी क्लिनिकचं नाव सुचवलं, तिथे पाच मिनिटांत पॅकेज सांगितलं, डोळा मोजलासुद्धा नाही. यात आमचं जवळपास वर्ष गेलं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

तर पहिली गोष्ट, ज्या डॉक्टरला शोधायचं त्याचं नाव आहे ऑक्युलोप्लास्टी सर्जन. डोळ्यांचेच डॉक्टर असतात, एमएस किंवा डीएनबी ऑप्थॅल्मॉलॉजी झाल्यावर वरून पापण्या, अश्रूंची नळी आणि डोळ्याची खोबण यांची वेगळी फेलोशिप केलेली असते. मोतीबिंदूचा उत्तम हात असलेला डॉक्टर पापणीचा उत्तम असेलच असं नाही, दोन वेगळी कामं आहेत. धंतोली-रामदासपेठेत तर दर चार पावलांवर डोळ्यांचा दवाखाना आहे, फोन करतानाच विचारा की ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कारण बऱ्याच ठिकाणी ते रोज नसतात. ऑक्युलोप्लास्टिक्स असोसिएशन ऑफ इंडिया नावाची त्यांची संघटना आहे, तिचे सदस्य आहात का हे विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर चिडत नाही.

प्रायव्हेट परवडत नसेल तर सरकारी हॉस्पिटलं आहेत, मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमधलं एम्स आहे. तिथे नेत्ररोग विभागात आधी केसपेपर काढून साध्या ओपीडीत दाखवायचं आणि तिथून पापणीसाठी पुढे पाठवतात. एम्सला शहरातून जायचं तर ऑरेंज लाइन मेट्रोनं खापरीपर्यंत आणि पुढे ऑटो. सकाळी लवकर निघा, रांग लागते, आणि सोबत कोणीतरी असू द्या कारण डोळ्यात ड्रॉप टाकून बाहुली मोठी केली तर दोन-चार तास धूसर दिसतं, उन्हात डोळे उघडत नाहीत, गाडी चालवणं तर विसराच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी बसलेल्या माणसाला, विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा म्हणजे दुसरी चक्कर पडत नाही.

आता थांबा, ओपीडीची तारीख घ्यायच्या आधी हे वाचा. पापणी हळूहळू महिन्या-वर्षांत खाली आली असेल तर घाई नाही. पण कालपर्यंत ठीक होती आणि आज अचानक पडली, सोबत एकाचे दोन दिसतात, जबरदस्त डोकं दुखतंय किंवा त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसतेय, तर सरळ इमर्जन्सीत जा, मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नसेवर दाब आला तरी असं होतं. बाहुली उलट लहान झाली आणि मान दुखतेय तरी तेच, मानेतल्या रक्तवाहिनीचा प्रॉब्लेम असू शकतो. तोंड वाकडं, हातात जोर नाही, बोलणं अडखळतं, तर लकवा समजून पळा.

आणि आपल्या विदर्भातली एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी उठला आणि दोन्ही पापण्या उघडतच नाहीत, पोट दुखतंय, गिळता येत नाही, तर मण्यार चावलेला असू शकतो, चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही आणि दुखतही नाही. तिथे पापणीचा डॉक्टर शोधू नका, मांत्रिक तर नाहीच नाही, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठा.

असं काही नसेल तर निवांत तयारी करा. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जुने फोटो. दहा वर्षांपूर्वीचं लग्न, पासपोर्ट, आधारकार्ड, जे असेल ते. आम्ही आईच्या बँक पासबुकवरचे फोटो नेले होते, त्यात २०११ ला दोन्ही डोळे सारखे, २०१९ ला पण सारखे आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या फोटोत डावा लहान. डॉक्टरांनी तीन फोटो शेजारी ठेवले आणि अर्धं निदान तिथेच झालं. मोतीबिंदूनंतर काही लोकांची पापणी पडते हे माहीत असलेलं आहे, पापणी उचलणारा स्नायू ज्या पातळ पडद्यानं पापणीला जोडलेला असतो तो ढिला पडतो किंवा सुटतो. वयामुळे होतं तेही असंच, आणि वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्या तरुणांनाही होतं.

दुसरं, एक दिवस सकाळी उठल्या उठल्या, दुपारी आणि रात्री असे तीन फोटो मोबाईलवर काढा, समोरून, भुवया न उचलता. सकाळी ठीक आणि रात्री पार पडलेली असा मोठा फरक दिसला तर डॉक्टरला आवर्जून दाखवा, कारण मायस्थेनिया ग्रेविस नावाचा आजार असतो त्यात स्नायू थकतात आणि त्यात आधी गोळ्या लागतात, चाकू नाही. त्याची एक साधी टेस्ट बघून मी चाट पडलो, ग्लोव्हमध्ये बर्फ भरून बंद पापणीवर दोन मिनिटं ठेवतात आणि काढल्यावर पापणी २ मिमी किंवा जास्त वर आली तर शंका पक्की होत जाते, मग रक्ताची तपासणी वगैरे.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, तर नक्कीच, आणि त्यासोबत लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, कोणा वैद्याची पूड, तेही सांगा कारण त्यानंही रक्त जास्त येऊ शकतं. पण मनानं गोळी बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरला विचारूनच. बीपी, शुगर, थायरॉइड सांगा. थायरॉइडचं म्हणाल तर गंमत अशी की त्यात एक डोळा जास्त उघडा पडतो आणि त्यामुळे दुसरा, जो चांगला आहे, तोच पडल्यासारखा दिसतो. बिचाऱ्या चांगल्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं.

तपासणी कशी व्हायला पाहिजे हे माहीत असलं की डॉक्टर मन लावून बघतोय का ते कळतं. आमच्या डॉक्टरांनी खिशातून शाळेतल्या पोरांकडे असते तशी पारदर्शक छोटी पट्टी काढली. समोर टॉर्च धरला, बुबुळावर जो उजेडाचा ठिपका चमकतो तिथपासून वरच्या पापणीच्या काठापर्यंत किती मिमी ते मोजलं. साधारण ४ ते ५ मिमी असायला पाहिजे, आईचं उजवीकडे ४ आणि डावीकडे १. मग अंगठ्यानं भुवई दाबून धरली म्हणजे कपाळाची मदत मिळू नये, आधी खाली बघा म्हणाले, मग वर बघा, आणि पापणी किती सरकली ते मोजलं. याला लिव्हेटर फंक्शन म्हणतात, पापणी उचलणाऱ्या स्नायूत किती दम शिल्लक आहे ते. १२ मिमीच्या वर म्हणजे चांगला, ४ किंवा कमी म्हणजे फार कमजोर. हा आकडा लिहून घ्या, कोणतं ऑपरेशन होणार ते बरंचसं याच्यावर ठरतं. मग चांगली पापणी बोटानं... नाही, चुकलो, पडलेली पापणी बोटानं वर धरली आणि चांगली खाली येते का ते बघितलं, कारण मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हुकूम देतो, एक वर आली की दुसरीला मिळणारा जोर कमी होतो आणि ऑपरेशननंतर लोक भांडतात की माझा चांगला डोळा तुम्ही बिघडवला.

शिवाय डोळे घट्ट मिटता येतात का, मिटल्यावर बुबुळ वर जातं का, आणि कोरडेपणा. कोरडेपणासाठी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात, १० मिमीपेक्षा कमी भिजली तर डोळा कोरडा धरायचा. कोरड्या डोळ्याची पापणी खूप वर उचलली तर रात्रभर डोळा अर्धवट उघडा, बुबुळाला जखम. म्हणून चांगला सर्जन कधी कधी मुद्दाम थोडी कमी उचलतो, तेव्हा नाराज होऊ नका.

एवढं सगळं न मोजता कोणी तारीख देत असेल तर उठून या.

आता ऑपरेशनचे प्रकार. आई घाबरली होती की डोळा कापणार, तर डोळा नाही कापत हो, पापणी. स्नायूत दम असेल तर पापणीच्या घडीत चीर देऊन तो सुटलेला पडदा पुढे ओढून परत टाक्यानं बसवतात, चीर घडीत लपते. पापणी थोडीच पडलेली असेल तर फिनाइलेफ्रिनचा ड्रॉप टाकून पाच-दहा मिनिटं थांबतात, त्यानं पापणी वर आली तर आतल्या बाजूनंच ऑपरेशन होऊ शकतं, बाहेर वण नाही. आणि दमच नसेल, जन्मापासून पडलेली पापणी असते तसं, तर पापणी कपाळाच्या स्नायूला आतून दोरीनं बांधतात, दोरी म्हणजे सिलिकॉनची किंवा मांडीतून काढलेल्या पडद्याची, मग माणूस भुवई उचलून डोळा उघडतो. यात झोपताना डोळा थोडा उघडा राहतो हे आधीच माहीत पाहिजे, रात्री मलम लागतं.

लहान मुलांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. पापणी बाहुली झाकत असेल तर मोठा झाल्यावर करू म्हणत बसू नका, त्या डोळ्याला बघायची सवयच लागत नाही आणि तो आळशी होतो, मग नंतर पापणी उचलून काही फायदा होत नाही. बाहुली उघडी असेल तर साधारण ३ ते ५ वर्षांच्या आसपास करतात, झाकलेली असेल तर त्याच्याही आधी. पोरीचं आहे, लग्नाच्या वेळी बघू, हे वाक्य मी ओपीडीच्या बाकावर स्वतःच्या कानानं ऐकलंय.

सगळ्याच पापण्यांमध्ये स्नायूची गडबड नसते. बऱ्याच जणांची नुसती कातडी लोंबते, पापणीचा काठ जागेवरच असतो पण वरून झालर आलेली असते. त्याचं ऑपरेशन म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, जास्तीची कातडी काढायची. इथे हावरेपणा नको, भुवई ते पापणीच्या केसांपर्यंत सुमारे २० मिमी कातडी राहायला पाहिजे असं सर्जन मानतात नाहीतर डोळा मिटत नाही. आणि मूळ भानगड भुवई खाली घसरल्याची असेल तर नुसती कातडी काढून भुवई अजून खाली येते, म्हणून माझी भुवई ठीक आहे का हा प्रश्न नक्की विचारा. डोळ्याखालच्या पिशव्या म्हणजे बहुतेक वेळा चरबी पुढे आलेली असते, ती पापणीच्या आतून काढता किंवा सरकवता येते, पण तो बहुतांशी दिसण्याचा मामला, त्यासाठी इन्शुरन्स विसरा.

खालची पापणी आत वळली तर केस बुबुळावर घासतात, डोळ्यात कायम खडा असल्यासारखं वाटतं. याला थांबू नका. तारीख मिळेपर्यंत कागदी चिकटपट्टीनं खालची पापणी गालाकडे हलकेच ओढून ठेवायला डॉक्टरच शिकवतात. घरी चिमट्यानं केस उपटत बसणं हा उपाय नाही, ते आखूड आणि टोकदार उगवून जास्त टोचतात. पापणी बाहेर वळली तर सतत पाणी गळतं. चेहऱ्याचा लकवा झालेल्यांना किंवा कुष्ठरोगातून बरे झालेल्या काही लोकांना डोळा मिटताच येत नाही, त्यांना तर पहिल्या दिवसापासून ड्रॉप आणि रात्री मलम पाहिजेच, ऑपरेशन नंतरचं बघू.

रांजणवाडीवर आपल्याकडे बोट तळहातावर घासून गरम करून लावतात, आजीचा उपाय, शेक म्हणून चुकीचा नाही पण बोट कुठे लागलंय ते बघा हो. स्वच्छ कापड गरम पाण्यात पिळून दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं शेका. महिनाभरात बसली नाही तर आतून छोटी चीर देऊन साफ करतात. पण वयस्कर माणसाला त्याच जागी परत परत गाठ येत असेल, तिथले केस गळले असतील, तर गाठ तपासायला पाठवा असं तुम्हीच म्हणा, पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर हुबेहूब रांजणवाडीसारखा दिसतो आणि आपल्या देशात तो इतका दुर्मिळही नाही. पापणीजवळ पिवळे चट्टे आले असतील तर ते काढायच्या आधी कोलेस्टेरॉल तपासा. आणि दोन्ही डोळे आपोआप गच्च मिटत असतील, नुसती पापणी फडफडत नाही तर खरंच मिटतात, तर त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, असर तीन-चार महिने, मग परत.

इन्शुरन्सवाले कॉस्मेटिक म्हणून फेटाळतात हे खरं, पण नजरेला अडथळा होतोय हे कागदावर असेल तर बाजू भक्कम होते. त्यासाठी फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूला आणि वर-खाली कुठपर्यंत दिसतं त्याची तपासणी, दोनदा करून घ्या, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीनं वर धरून, दोन्हीतला फरक म्हणजे पुरावा. सोबत समोरून काढलेला फोटो, ते मिमीचे आकडे आणि डॉक्टरचं पत्र. हे सगळं ऑपरेशनच्या आधी कंपनीला पाठवून लेखी मंजुरी घ्या. खर्चाचा आकडाही लेखी घ्या, त्यात ऑपरेशन थिएटर, भूल, औषधं, टाके काढणं आणि कमी-जास्त झालं तर दुरुस्ती यातलं काय काय धरलंय ते विचारून. शेवटचं लोक विचारत नाहीत आणि पापणीच्या ऑपरेशनमध्ये तर एखादा मिमी इकडे तिकडे होऊन परत टाका घ्यायची वेळ येऊ शकते.

कधी करायचं? तातडीचं नसेल तर माझं मत, मे महिन्यात नका करू. आपल्याकडे ४५ डिग्री, घाम जखमेत जातो आणि कूलरची हवा थेट तोंडावर घेऊन झोपायची आपली सवय, डोळा ठणठणीत कोरडा होतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बरं. घरात लग्न असेल तर निदान दीड-दोन महिने आधी, कारण निळं-काळं आणि सूज जायला दोन आठवडे लागतात आणि पापणी आपल्या जागी नीट बसायला दीड ते तीन महिने. खर्रा खाणारे भाऊ असाल तर आधी-नंतर काही आठवडे बंद ठेवा, तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा.

ऑपरेशन मोठ्यांचं बहुतेक त्या जागेपुरती भूल देऊन होतं. आई सांगते की इंजेक्शनच तेवढं झोंबलं, मग मध्येच डॉक्टर म्हणाले, आई, डोळे उघडा, वर बघा, आता उठून बसा. ही टेबलावर उठून बसली, डॉक्टर समोर जाऊन दोन्ही डोळे बघताहेत, परत झोपवलं, एक टाका सोडला, परत बसवलं. तीन वेळा. ती म्हणे ब्लाऊज बेतल्यासारखं चाललं होतं. पाऊण तासात बाहेर.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस थंड शेक, थेट बर्फ नाही, कापडात गुंडाळून, दर तासाला थोडा वेळ. दोन उशा घेऊन झोपायचं, वाकून पोछा नाही, पाण्याची बादली नाही, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर म्हणतील तेव्हा. टाके साधारण आठवड्यानं काढतात. नवा चष्मा लगेच बनवू नका, पापणीचा दाब बदलला की नंबर थोडा बदलतो, दोन-तीन महिने थांबा. थोडं दुखणं, पाणी येणं, एक डोळा वर एक खाली असं दिसणं चालायचंच. पण डोळ्यामागे जोरात ठणका, डोळा बाहेर आल्यासारखा, नजर कमी होतेय, तर रात्री दोन वाजले असले तरी निघा, डोळ्यामागे रक्त साचलं तर तासांचा हिशोब असतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी रात्रीचा नंबर मागून घ्या आणि तिथेच लावून बघा. आम्ही लावला, नर्सच्या खिशात वाजला.

आईचा डावा आता ३.५ मिमी आहे, उजवा ४. पंधरा दिवस तिला वाटत होतं की आपण सारखं कोणाकडे तरी रोखून बघतोय. मावशी परत आली तेव्हा दारातच थांबली, नीट बघितलं आणि म्हणाली, आता काहून डोळे वटारून राहिली माझ्यावर?